तैलरंग घेऊन प्रवासाला निघताना: आधी बोर्डाचं माप, मग पेटी

दहा दिवसांच्या विमानप्रवासात बाहेर बसून तैलरंगात काम करायचंय, तर पोशाड बॉक्स (झाकणात बोर्ड बसवून बाहेर रंगवता येईल अशी छोटी रंगपेटी) कोणता घ्यावा आणि ओली चित्रं परत कशी आणावीत, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं अशी पेटी पाठीवर टाकून हिंडतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पेटी बघण्याआधी बोर्डाचं माप ठरवा. ६ x ८ इंच पुरेसं आहे, फार तर ८ x १०. दोनेक तासांत ऊन फिरतं, सावल्या सरकतात. तेवढ्या वेळात मोठा बोर्ड भरून होत नाही. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा यानेसुद्धा नदीकाठची सरावचित्रं साधारण १६ x २५ सेंटिमीटरच्या लाकडी फळ्यांवर केली आणि १८८४ सालचं त्याचं भलंमोठं चित्र त्यांच्या आधाराने उभं केलं.

पेटीत मी सगळ्यात आधी बिजागरी बघतो. झाकण तिरकं लावा आणि बोर्ड बसतो तिथे बोटांनी जोर देऊन दाबा. जराही मागे गेलं तर ती पेटी नको. माझ्या पहिल्या पेटीचं झाकण जाड रंगाच्या फटक्यासरशी मागे कलायचं. एकदा वाऱ्याने ते धाडकन मिटलं आणि नुकतंच रंगवलेलं आभाळ पॅलेटवरच्या रंगात पालथं झालं. तळाला पाव इंची स्क्रूची सोय असली की कॅमेऱ्याचा ट्रायपॉड चालतो. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला पिशवी टांगा, वाऱ्यात तोल राहतो.

रंग पातळ करायचं टर्पेंटाइन ज्वालाग्राही असतं, ते विमानात अजिबात न्यायचं नाही, चेक-इन बॅगेतही नाही. मी तर प्रवासात थिनर वापरतच नाही. ब्रश फडक्याने नीट पुसायचा, करडईच्या तेलात बुडवायचा, पुन्हा पुसायचा. मुक्कामी साबणाने धुवायचा. रंगाच्या ट्यूब आणि पॅलेट नाइफ चेक-इनमध्ये टाका. रंगातलं जवसाचं तेल ज्वालाग्राही द्रवांत मोडत नाही, पण कुणी अडवलंच तर दाखवायला कंपनीचं सुरक्षा माहितीपत्रक छापून जवळ ठेवा.

रंग पाचच: अल्ट्रामरीन, कॅडमियम यलो, अलिझरिन क्रिम्झन, बर्न्ट सिएना आणि पांढरा. पांढरा मात्र अल्किड (लवकर वाळणाऱ्या कृत्रिम राळेत घोटलेला) घ्या. तो जवळजवळ प्रत्येक मिश्रणात जातो, त्यामुळे पातळ थर एकदोन दिवसांत हाताळण्याजोगे होतात. साधा टायटॅनियम व्हाइट कितीतरी रेंगाळतो.

पेटीत ओल्या बोर्डांसाठी खाचा नसतील तर दोन बोर्ड समोरासमोर धरा, चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठेवा आणि कडांना चिकटपट्टी लावा. कोपरे तेवढे रंगवताना कोरे सोडा.

तेलकट फडकी चुरगळून बॅगेत कोंबू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी सुटी पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.