उजवीकडची कटोरी सुटेना

प्रश्न : काका, बाबांची जुनी काळी सायकल मी पुन्हा चालवायला काढली. पायडल मारताना खालून कट्-कट् आवाज येतो. मिस्त्रींनी हातोड्याने कॉटर पिना (पायडलाचा दांडा, म्हणजे क्रँक, एक्सलवर पक्का धरणाऱ्या पिना) काढून बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पायडलांचा एक्सल फिरतो त्या भागाची, डावी बाजू उघडली, पण उजवीकडची कटोरी (छर्रे जिच्यात फिरतात ती वाटी) हलेना. आता छिन्नी लावू, नाहीतर फ्रेम बदला, म्हणतात. कोणती हत्यारं लागतील?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, छिन्नी लावू देऊ नका आणि फ्रेमही बदलू नका. मिस्त्रींनी कटोरी कोणत्या बाजूला फिरवली, ते आधी विचारा. आपल्याकडच्या काळ्या सायकली इंग्लिश धाटणीच्या. त्यांच्या उजव्या कटोरीला उलटे आटे असतात. ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटते. रोजच्या सवयीने उलटा जोर लावला की आणखी आवळते.

पण ती काढायचीच कशाला? एक्सल बाहेर आला आहे, बोट आत जातं. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने कटोरी जागेवरच पुसा आणि टॉर्च मारून पाहा. छर्रे फिरतात ती वाट एकसारखी चकचकीत असेल तर राहू द्या. नखाला खड्डे लागले तरच बदला.

बदलायचीच झाली तर साधा पाना तिच्या अरुंद कडांवरून घसरतो. पुष्कळदा तिथे 36 मिमीचा पाना लागतो, तरी वर्नियरने (बारीक मापं घेणाऱ्या मोजपट्टीने) मोजूनच घ्या. मला बोल्टची युक्ती जास्त भरवशाची वाटते. इतवारीत लोहा ओळीत कटोरीच्या भोकातून जाईल असा जाड बोल्ट, नट आणि दोन जाड वायसर मिळतील. बोल्टचं डोकं आतून, नट बाहेरून, मधे कटोरी. डोकं डावीकडून धरून नट आवळत राहा. पकड पुरती घट्ट झाली की डोकं सोडा, नट त्याच दिशेने फिरवा. त्याच्याबरोबर कटोरीही फिरते आणि उलट्या आट्यांमुळे बाहेर येते. आदल्या रात्री आट्यांत गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा.

डावीकडे लॉकरिंगला (कटोरी जागेवर पक्की धरणाऱ्या बाहेरच्या कड्याला) हुक पाना आणि कटोरीला दोन खुंट्यांचा पाना एवढं पुरतं.

आता तुमचा आवाज. काढलेल्या कॉटर पिनेच्या चपट्या बाजूवर बोट फिरवा. पायरी लागली तर कट्-कट् बहुतेक तिथलीच. पैसे खर्चायचेच असतील तर माझ्या मते आधी कॉटर प्रेसवर, म्हणजे पिना दाबून काढायच्या हत्यारावर, खर्चा. हातोड्याचा प्रत्येक ठोका एक्सलमधून छर्‍यांवर जातो आणि कटोरीत खड्डे पाडतो. प्रेस पीन सरळ दाबून काढते, बसवतेही. प्रेस नसेल तर दणकट सी-क्लॅम्प आणि पिनेचं टोक आत शिरेल असा पाइपचा तुकडा घ्या. नवी पीन नट आवळून आत ओढू नका, तिचे आटे जातात. आधी दाबून बसवा, मग नट लावा. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने बसल्या पाहिजेत, नाहीतर पायडलं एका रेषेत येत नाहीत.

छर्रे मात्र नवेच घाला: पाव इंची, एका बाजूला 11. ग्रीस भरपूर भरा. डावी कटोरी एवढीच आवळा की क्रँक डुगडुगणार नाही आणि एक्सल बोटाने सहज फिरेल. मग ती पान्याने धरून लॉकरिंग घट्ट करा. फुटाळा तलावापर्यंत एक फेरी मारून आलात की कॉटरचे दोन्ही नट पुन्हा आवळा, नव्या पिना पहिल्या फेरीत थोड्या सैल होतात.