ताऱ्याची प्रत : वाढते, घटते की उतरते?

गुहागरजवळच्या एका शाळेतील शिक्षिकेने दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी गावाबाहेरच्या सड्यावरून ययाती तारकासमूहातील अल्गोल या ताऱ्याचे रात्रभर निरीक्षण केले आणि तारा डोळ्यांदेखत मंदावत गेला. एका मुलीने वहीत ‘अल्गोलची प्रत वाढली’ अशी नोंद केली आणि एका मुलाने ‘अल्गोलची प्रत घटली’ अशी. दोघांनी पाहिले ते एकच, मग बरोबर कोण, हा पहिला प्रश्न. तेज बदलणाऱ्या ताऱ्यासाठीचा ‘रूपविकारी तारा’ हा शब्द मुलांना एखाद्या दुखण्यासारखा वाटतो, तेव्हा त्याऐवजी ‘चलतारा’ म्हणावे काय, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. धान्याची रास वाढते, किंमत वाढते, उंची वाढते. प्रत ही ताऱ्याची ठळकपणाच्या क्रमवारीतील जागा आहे, पहिली प्रत सर्वांत वरची, आणि जागा वाढत किंवा घटत नाही. तिथून वर चढता येते किंवा खाली उतरता येते. अल्गोल त्या रात्री २.१ या प्रतीवरून ३.४ या प्रतीपर्यंत उतरला, एवढेच लिहायला हवे होते. मुलांना दोष देण्यात मात्र अर्थ नाही, कारण हाच गोंधळ मोठ्यांच्या बोलण्यात मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. २०१९ च्या अखेरीस मृगातील काक्षी मंदावू लागला आणि एरवी ०.५ च्या आसपास असणारा तो तारा फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ पर्यंत खाली गेला. ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू निवून त्याची धूळ झाली आणि तिने आपल्याकडे येणारा प्रकाश अडवला, असे पुढे अभ्यासातून दिसले. त्या काळात ‘काक्षीची प्रत वाढली’ हे वाक्य जाणत्या माणसांच्या तोंडूनही इतक्या वेळा ऐकावे लागले की ऐकणाऱ्याने तारा उजळला असे समजावे की विझत चालला असे, हे त्यांनाच विचारावे लागत असे.

पुस्तकाची प्रत, अर्जाची प्रत, खरी प्रत, हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांच्यात थांबत नाही. आपल्याला हवा असलेला अर्थ जमीनमहसुलाच्या जुन्या व्यवहारात आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘प्रतबंदी’. शिवकालापासूनच्या मराठी महसुली कागदांत गावाच्या जमिनीची पाहणी करून तिचे कस पाहून वर्ग पाडत, त्या कामाला प्रतबंदी म्हणत. तिचे वर्ग होते अव्वल, दूम आणि सीम. अव्वल हा अरबी शब्द, त्याचा अर्थ पहिला. दूम आणि सीम हे फारसीतील दुसरा आणि तिसरा या अर्थाच्या शब्दांचे मराठी वळण. त्यातला अव्वल अजून तहसील कचेरीत ‘अव्वल कारकून’ होऊन बसलेला आहे, आणि दूमचा सख्खा भाऊ दुय्यम हा ‘दुय्यम निबंधक’ म्हणून दस्तांवर सही करतो. सीम तेवढा व्यवहारातून गेला. कोकणात भातशेत कोणते आणि वरकस, म्हणजे हलकी उताराची जमीन, कोणते यावर घराघराचे जगणे ठरत असल्यामुळे जमिनीची प्रत हा शब्द इथे कधीच केवळ दप्तरातला राहिला नाही.

आता या तीन वर्गांकडे नीट पाहावे. अव्वल म्हणजे पहिली प्रत, ती सर्वांत चांगली. दूम म्हणजे दुसरी, ती तिच्याखालची. सीम म्हणजे तिसरी, ती आणखी खालची. क्रमांक जसजसा पुढे जातो तसतसा कस उतरत जातो. ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीच्या ग्रंथात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, ताऱ्यांचे जे सहा वर्ग दिलेले आहेत त्यांची रचना नेमकी हीच आहे : सर्वांत ठळक तारे पहिल्या वर्गात, नुसत्या डोळ्यांना कसेबसे दिसणारे सहाव्या. इंग्रजी पुस्तकांतून खगोलशास्त्र शिकलेला माणूस ‘ही मोजपट्टी उलटी आहे’ असे विद्यार्थ्यांना बजावून सांगतो, आणि मराठीत शिकवणारेही तेच वाक्य जसेच्या तसे उचलतात. मराठी माणसाला ती उलटी वाटण्याचे काही कारण नाही. बागायतदार चार डझनी पेटीतला आंबा सहा डझनी पेटीतल्या आंब्यापेक्षा मोठा असतो हे जाणतोच; आकडा चढला की फळ लहान, हा हिशेब त्याला कोणी उलटा म्हणून शिकवलेला नसतो.

माझी अशी खात्री आहे की मराठीत खगोलाची पुस्तके लिहिणाऱ्या पहिल्या पिढ्यांनी हा शब्द महसुली व्यवहारातूनच जाणीवपूर्वक घेतला. प्रतीसाठीच्या ‘मॅग्निट्यूड’ या इंग्रजी शब्दाचा लॅटिन मूळ अर्थ ‘मोठेपणा’, ‘आकार’ असा आहे, आणि ग्रीक ग्रंथातही आकारवाचक शब्दच आहे. ठळक दिसतो तो तारा मोठा, या प्राचीन समजुतीचा तो अवशेष आहे. शब्दशः भाषांतर करायचे असते तर ‘आकारमान’ किंवा ‘परिमाण’ सहज करता आले असते. तसे न करता ज्यांनी ‘प्रत’ म्हटले त्यांनी मूळ शब्दातली चूक मराठीत येऊ दिली नाही, कारण प्रत ताऱ्याच्या आकाराबद्दल काहीच सांगत नाही. इतर ताऱ्यांच्या तुलनेत तो कुठे बसतो एवढेच सांगते.

या ‘तुलनेत’ शब्दापाशी मला थोडे अधिक थांबायचे आहे. ‘प्रत म्हणजे आधी नक्कल, आणि नकला बऱ्यावाईट निघतात म्हणून पुढे तिचा अर्थ दर्जा असा झाला’, ही व्युत्पत्ती मला अनेकदा ऐकवली जाते आणि ती मला मुळीच पटत नाही. नक्कल आणि दर्जा हे दोन्ही अर्थ ‘प्रति’ या उपसर्गातून स्वतंत्रपणे निघाले असले पाहिजेत. प्रति म्हणजे समोर, च्या बरोबरीने. मूळ लेखनासमोर ठेवलेले दुसरे लेखन ही एक प्रत. नमुन्यासमोर ठेवून ठरवलेला मालाचा वर्ग ही दुसरी. संस्कृतात तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ठेवायच्या वजनाला ‘प्रतिमान’ म्हणतात, आणि मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाने तराजू, मापे आणि प्रतिमाने दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावीत असे सांगितले आहे. दर्जा या अर्थाची प्रत त्या प्रतिमानाच्या कुळातली आहे, नकलेच्या नव्हे. नकलेतून दर्जा काढणाऱ्यांनी एवढे सांगावे की ज्याची नक्कल कधी केलीच जात नाही अशा जमिनीला, तांदळाला आणि लाकडाला हा शब्द इतका सहज कसा लागला.

रूपविकारी ताऱ्यांचे निरीक्षण करणाऱ्याला ही व्युत्पत्ती वेगळी पटवावी लागत नाही, कारण त्याचे सारे कामच समोर ठेवून पाहण्याचे आहे. एकट्या ताऱ्याकडे पाहून त्याची प्रत कोणालाही सांगता येत नाही. अल्गोल पाहायचा तर देवयानीतील गॅमा हा २.१ प्रतीचा तारा, ययातीतीलच एप्सिलॉन हा २.९ प्रतीचा आणि त्रिकोणातील अल्फा हा ३.४ प्रतीचा, असे स्थिर तेजाचे शेजारी आधी ओळखावे लागतात. मग अल्गोल एप्सिलॉनपेक्षा थोडा मंद आणि अल्फापेक्षा ठळक असेल, आणि त्या दोघांमधल्या अंतराचे पाच भाग कल्पून तो एप्सिलॉनपासून दोन भाग खाली आहे असे वाटले, तर त्याची प्रत ३.१ धरायची. निरीक्षकांच्या नकाशांत या तुलना-ताऱ्यांचे आकडे दशांशचिन्ह न देता छापलेले असतात, २९ म्हणजे २.९ आणि ३४ म्हणजे ३.४, कारण त्या बारीक टिंबालाच कोणी तारा समजू नये. नोंदीत कोणते तारे तुलनेला घेतले हेही लिहायचे असते. ज्याच्यासमोर ठेवून पाहिले त्याचा उल्लेख नसलेली प्रत तपासता येत नाही.

आपल्या किनाऱ्यावर या तुलनेत एक विशेष काळजी घ्यावी लागते. समुद्रावरची हवा दमट असते आणि क्षितिजापासून दहाएक अंशांवर आलेला तारा तेवढ्यानेच एखाद्या प्रतीने तरी मंद दिसतो. त्यामुळे अल्गोल समुद्राकडे झुकलेला असताना त्याची तुलना डोक्यावरच्या ताऱ्याशी केली तर नोंद हवेची होते, ताऱ्याची नव्हे. तुलनेचा तारा शक्यतो तेवढ्याच उंचीवर असावा. मासेमारी करणाऱ्या नौकांचे झगझगीत दिवे क्षितिजावर असतील तर त्या दिशेला पाठ करून डोळे अंधाराला सरावू द्यावेत. काक्षीसारख्या तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहू नये, कारण पाहत राहिले की तांबडा प्रकाश डोळ्याला हळूहळू अधिक ठळक भासतो. अशा ताऱ्यावर झटपट नजर टाकून लगेच तुलनेच्या ताऱ्याकडे वळावे.

‘प्रत जर जमिनीसारखी असेल तर तिच्यात दशांश कसे आले’, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो योग्य आहे. १८५६ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन पॉगसन यांनी पहिल्या आणि सहाव्या प्रतीत प्रकाशाचे प्रमाण नेमके १०० पट धरावे असे सुचवले, म्हणजे एका प्रतीला सुमारे २.५१२ पट. तेव्हापासून प्रत वर्गापुरती न राहता तिला आकडा चिकटला, आणि अव्वलाच्याही वर जागा करावी लागली : अभिजित जवळपास शून्य, आपल्या दक्षिण क्षितिजावर उठून दिसणारा अगस्त्य उणे ०.७, व्याध उणे १.५. हेच पॉगसन १८६१ पासून मद्रास वेधशाळेचे प्रमुख होते आणि १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले; त्यांचे साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये जालक तारकासमूहातील ‘आर’ या ताऱ्याचे तेज बदलते असे शोधले. प्रतीचे गणित ज्यांनी बांधून दिले त्यांनी आयुष्याची तीस वर्षे आपल्याच देशात वेध घेतले, ही गोष्ट मराठी वाचकाला सांगितलीच पाहिजे. अव्यावसायिकांमध्ये बंगालमधील राधागोविंद चंद्र यांचे नाव तितकेच आदराने घ्यावे लागते. त्यांनी १९११ साली स्थापन झालेल्या अमेरिकन निरीक्षक संघाकडे रूपविकारी ताऱ्यांच्या सुमारे ३७ हजार नोंदी पाठवल्या.

तेव्हा आकडा आणि प्रत यांचा वापर वेगळा ठेवावा, म्हणजे वाद मिटतो. ‘प्रतीचा आकडा २.१ वरून ३.४ वर गेला’ हे वाक्य निर्दोष आहे, ‘तारा ३.४ प्रतीपर्यंत उतरला’ हेही निर्दोष आहे. ‘तारा मंदावला’ हे सर्वांत सोपे. हिंदीतून ‘कांतिमान’ हा शब्द आणून प्रतीच्या जागी बसवावा असे सुचवणाऱ्यांशी मात्र माझा ठाम मतभेद आहे. मान म्हणजे माप, आणि कांतीचे माप वाढले तर कांती वाढली पाहिजे. ‘कांतिमान वाढले, म्हणून तारा मंद झाला’ हे वाक्य कोणत्याही मराठी कानाला सहन होणार नाही. जो गोंधळ प्रत या शब्दात केवळ चुकीच्या क्रियापदामुळे होतो, तो कांतिमान या शब्दाच्या पोटातच आहे. ‘तेजस्विता’ हा शब्दही इथे वापरू नये. ताऱ्यातून प्रत्यक्षात किती ऊर्जा बाहेर पडते ते सांगण्यासाठी तो राखून ठेवावा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. रूपविकारीतला विकार म्हणजे रोग नव्हे; शाळेच्या व्याकरणात नाम आणि सर्वनाम विकारी व अव्यये अविकारी असतात, तोच हा विकार, म्हणजे रूपात होणारा बदल. मुलांना विकारी हा शब्द तिथून आधीच माहीत असतो, त्याची आठवण करून दिली की पुरे. ‘चल’ला माझा विरोध नाही, गणितातला चल त्याच अर्थाचा आहे, पण ‘चलतारा’ ऐकून तारा हलतो असे समजणारेही मला भेटले आहेत. त्यातही ‘रूप’ हा शब्द इथे फार नेमका आहे. वृषपर्वातील डेल्टा सव्वापाच दिवसांहून थोड्या अधिक काळाने आकुंचन-प्रसरण पावतो, तिमिंगलातील मीरा सुमारे ३३२ दिवसांनी, आणि या दोघांच्या अंगातच बदल होतो. अल्गोलचे तसे नाही. त्याच्याभोवती फिरणारा मंद जोडीदार दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी आड येतो आणि सुमारे दहा तास त्याला कमीअधिक झाकून ठेवतो. त्या वेळी बदलते ते आपल्याला दिसणारे रूप, आणि तिन्ही ताऱ्यांना एकाच शब्दात सामावून घ्यायचे तर रूपविकारी हाच शब्द योग्य आहे.