समोर सगळे शिक्षकच, मी काय सांगणार?

'वर्गात दिवसभर बोलते, पण शिक्षकांपुढे उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.' आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद असो, डाएटचं (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचं) प्रशिक्षण असो की एखादी मोठी परिषद, हे वाक्य मी नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खूपदा ऐकलंय. त्यातल्याच एकीची ही गोष्ट, तिच्या परवानगीने. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. मुलं वर्गात म्हणतात तसं मीही तिला बाईच म्हणते.

उमरेड रस्त्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई पाचवीला शिकवतात. नागपुरात शिक्षकांसाठी शैक्षणिक तंत्रज्ञानाची परिषद होणार होती आणि तिथलं चाळीस मिनिटांचं एक सत्र त्यांच्याकडे आलं होतं. उरले होते तीन आठवडे. पर्समधून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "अठ्ठावन्न स्लाईड झाल्या मॅडम, तरी काहीतरी सुटलंय असंच वाटून राहिलं. रात्री दोनला जाग येते, मग झोपच नाही. सासूबाईंची तब्येत बरी नाही असं कळवून टाकू का?"

दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात त्यांच्या स्लाईडवरची मराठी अक्षरं दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उमटलीच नव्हती. पडद्यावर नुसत्या चौकटी. मागून कुणी हसलं, कुणी म्हणालं, 'चला, पुढचं घ्या.' त्या दिवसापासून बाई स्टेजवर गेल्या नव्हत्या.

मी विचारलं, नेमकं काय होईल असं वाटतं?

"कोणी प्रश्न विचारेल आणि मला येणार नाही."

मग?

"मग सगळ्यांना कळेल."

काय कळेल?

बराच वेळ त्या पेन ड्राइव्हचं झाकण काढत-लावत राहिल्या. "की मला एक ॲप चालवता येतं. बस्, एवढंच."

अठ्ठावन्न स्लाईड कशासाठी होत्या, ते या उत्तरात कळलं. ती ढाल होती. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली, ती मला रोजच्या कामात उपयोगी पडते. घाबरलेल्या माणसाचं सगळं लक्ष स्वतःकडे वळतं. आवाज कापतोय का, हात थरथरताना दिसतोय का, याचीच तपासणी सुरू राहते आणि समोरची माणसं दिसेनाशी होतात. मग तो कागद घट्ट धरतो, भरभर वाचतो, स्लाईड वाढवतो. त्या वेळेपुरतं सुरक्षित वाटतं, पण भीती तशीच राहते. पार पडलं तर श्रेय कागदाला जातं, स्वतःवरचा विश्वास काही वाढत नाही.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून आम्ही बाईंच्याच फोनवर तीन-तीन मिनिटांचे दोन व्हिडिओ काढले. एकात कागदावरून वाचायचं, दुसऱ्यात कागद उलटा ठेवून बोलायचं. बघण्याआधी काय दिसेल ते लिहायला लावलं. त्यांनी लिहिलं: हात थरथरतील, चेहरा लाल होईल, आवाज फाटेल. मग म्हटलं, आता ही कुणी दुसरीच शिक्षिका आहे असं समजून बघा. बाईंनी दोनदा बघितलं. थरथर कुठे दिसलीच नाही. उलट कागदवाल्या व्हिडिओत मान सतत खाली होती आणि आवाज सपाट. "हीच जास्त घाबरलेली दिसते," त्या स्वतःच म्हणाल्या.

आतली धडधड बाहेरच्यांना आपल्याला वाटते तेवढी दिसत नाही. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना भाषणाआधी एवढंच समजावून सांगितलं होतं. त्यांची भाषणं बाकीच्यांपेक्षा चांगली झाली, आणि तसं ऐकणाऱ्यांनाही वाटलं.

पण बाईंच्या बाबतीत खरी गाठ सुटली ती पुढच्या भेटीत. त्यांचा विषय होता प्लिकर्स, म्हणजे सगळ्या वर्गाची उत्तरं एकदम टिपणारं ॲप. मुलांकडे फोन नसले तरी चालतं. प्रत्येकाच्या हातात चौकोनी नक्षीचं एक कागदी कार्ड. त्याच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी अशी बारीक अक्षरं. आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं, शिक्षकाने एका फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की कोणाचं उत्तर काय ते कळतं. अक्षरं इतकी लहान की शेजारच्याचं बघून लिहिणं बंद.

मी कार्ड हातात घेतलं. बाईंनी फोन धरला आणि लगेच म्हणाल्या, "मॅडम, बोट काढा. कोपरा झाकला तर फोन वाचत नाही. आणि खिडकीकडे पाठ नका करू, उजेड मागून येऊन राहिला." तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग त्या थांबल्याच नाहीत. 'एक छेद तीन मोठा की एक छेद चार?' असा प्रश्न त्यांनी वर्गाला टाकला, तर अर्ध्याहून जास्त मुलांनी एक छेद चार वर केला, कारण तीनपेक्षा चार मोठा. तोंडी विचारलं की पुढच्या बाकावरची दोन मुलं बरोबर उत्तर द्यायची आणि बाई पुढे जायच्या. किती दिवस आपण असेच पुढे गेलो, हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

मी म्हटलं, बाई, तुमचं सत्र हेच आहे. ॲपची माहिती कुणालाही शोधून सापडेल. हा वर्ग फक्त तुम्ही पाहिलाय.

अठ्ठावन्नच्या नऊ स्लाईड झाल्या. सुरुवात कार्डं वाटून करायची ठरली. पहिल्या दोन मिनिटांत सभागृहाचं लक्ष हातातल्या कार्डावर जातं, आणि बाईंचंही. सगळं युनिकोडमध्ये लिहून त्याची पीडीएफ केली, म्हणजे अक्षरांच्या चौकटी होणार नाहीत. सभागृहाच्या वायफायवर विसंबायचं नाही, म्हणून वर्गातला दोन मिनिटांचा व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये घेतला. 'हे मला माहीत नाही' हे वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव केला. सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला.

मधेच त्यांनी विचारलं, सहकारी सांगतात ती धडधड कमी करणारी गोळी घेऊ का? हे बऱ्याच जणांच्या मनात असतं, म्हणून लिहिते. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या हृदयाचे ठोके कमी करतात, पण दमा असलेल्याला त्या धोक्याच्या ठरू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय, दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका. आणि ही भीती वर्षानुवर्षं असेल, तिच्यापायी कामं टाळली जात असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा.

सत्राच्या आदल्या रात्री बाई तीनच तास झोपल्या. घसा कोरडा पडला, पहिलं वाक्य अडखळलं. आणि भीती होती तसा प्रश्न आलाच. तिसऱ्या रांगेतल्या एका सरांनी विचारलं, 'मुलांची नावं ॲपमध्ये टाकता, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, त्याचं काय?' बाई म्हणाल्या, "कायद्याचं मला नीट माहीत नाही सर. मी नावं टाकतच नाही, हजेरी क्रमांक टाकते. पण हे विचारून घ्यायला पाहिजे, तुम्ही मला सांगाल का?" त्या सरांनी सत्रानंतर थांबून सांगितलं.

हे सगळं मला कळलं ते चार दिवसांनी, फोनवर. मागे यंत्राची घरघर चालू होती. बाई सीताबर्डीवर झेरॉक्सच्या दुकानात उभ्या होत्या. परिषदेत भेटलेल्या तीन शाळांना कार्डं हवी होती. बोलता बोलता त्यांनी फोन जरा दूर धरला आणि दुकानदाराला सांगितलं, "दादा, जाड कागदावर काढा. मुलं वाकवतात."