नव्या सहायक प्रशिक्षकाची पारख

प्रश्न : माझा मुलगा मिशिगन विद्यापीठात शिकतो आणि त्याच्यामुळे आम्हा दोघांनाही तेथील महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलची गोडी लागली आहे. बचावासाठी नवा सहायक प्रशिक्षक नेमला गेला की त्याच्या आधीच्या संघाने प्रतिस्पर्ध्यांना किती गुण दिले, यावरूनच त्याची किंमत ठरवली जाते. हे योग्य आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : आधीचे आकडे जरूर पाहावेत, परंतु त्यांवरून निकाल देणे मला चुकीचे वाटते, आणि याचा पुरावा मिशिगनमध्येच आहे. २०२२ मध्ये मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ यांनी बचावाची सूत्रे जेसी मिंटर यांच्याकडे दिली, तेव्हा मिंटर नुकतेच व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संघाचा बचाव सांभाळून आले होते आणि त्या संघाने २०२१ मध्ये १२ पैकी अवघे २ सामने जिंकले होते. केवळ तो हंगाम पाहणाऱ्याने ही नेमणूक नापसंतच केली असती. प्रत्यक्षात २०२३ मध्ये मिशिगनने सर्व १५ सामने जिंकले, प्रत्येक सामन्यात सरासरी १० च्या आसपासच गुण दिले आणि अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ३४-१३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

व्हँडरबिल्टपूर्वी मिंटर बाल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक संघात माइक मॅकडोनाल्ड यांचे सहकारी होते, आणि मॅकडोनाल्ड यांनीच २०२१ मध्ये मिशिगनमध्ये नवी बचावपद्धती रुजवली होती. त्यामुळे मिंटर आले तेव्हा खेळाडूंना सारे नव्याने शिकावे लागले नाही. म्हणून मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की संघाचे नेमके काय बिघडले होते आणि त्यावरचा उपाय या माणसाजवळ आहे का? मॅकडोनाल्ड यांच्या आधी मिशिगनचा भर प्रत्येक रिसीव्हरमागे (पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूमागे) एकेक खेळाडू लावण्यावर होता, आणि ओहायो स्टेट या प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या वेगवान रिसीव्हरांनी त्याच पद्धतीविरुद्ध २०१८ मध्ये ६२ आणि २०१९ मध्ये ५६ गुण वसूल केले. चेंडू खेळात येण्यापूर्वी एक रचना दाखवायची आणि नंतर दुसरीच खेळायची, हा मॅकडोनाल्ड यांचा मार्ग होता. २०२१ मध्ये मिशिगनने ओहायो स्टेटला ४२-२७ असे हरवले.

तरीही सारे श्रेय प्रशिक्षकाला देऊ नये. एडन हचिन्सन हा आघाडीचा बचावपटू २०२० मध्ये दुखापतीमुळे तीनच सामने खेळू शकला होता. २०२१ मध्ये पूर्ण हंगाम खेळून त्याने १४ सॅक केले (म्हणजे चेंडू फेकण्याआधीच प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, पाडले), आणि त्यांतले ३ ओहायो स्टेटविरुद्धच्या त्या एका सामन्यात होते.

केवळ लाइनबॅकर (आघाडीच्या बचावपटूंच्या मागे उभे राहणारे खेळाडू) किंवा मागची फळी सांभाळणाऱ्या सहायकाची परीक्षा वेगळी असते. संपूर्ण संघाने दिलेले गुण त्याच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे आहे. त्याच्या हाताखालचे खेळाडू पहिल्या वर्षापेक्षा तिसऱ्या वर्षी किती सुधारले, आणि शालेय खेळाडूंना विद्यापीठाकडे वळवण्यात त्याला कितपत यश आले, हे पाहावे. तो किती काळ टिकेल याची खात्री मात्र कोणीच देऊ शकत नाही: २०२१ च्या प्रारंभी मिशिगनने नेमलेले मॉरिस लिंग्विस्ट काही महिन्यांतच बफेलो विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले आणि त्यांच्या जागी केंटकी विद्यापीठातून स्टीव्ह क्लिंकस्केल यांना आणावे लागले.

येत्या हंगामात सुरुवातीचे सामने पाहताना गुणफलकापेक्षा बचावपटूंच्या हालचालींकडे लक्ष द्यावे. चेंडू खेळात येण्याआधी ते आपापल्या जागी निश्चिंत उभे आहेत की एकमेकांना हातवारे करून विचारत आहेत, टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडणे) निसटण्याचे प्रमाण घटते आहे का, आणि मध्यंतरानंतर प्रतिस्पर्ध्याने चाल बदलली तर त्याला उत्तर मिळते का, यांतून नव्या प्रशिक्षकाचे काम पुष्कळसे कळते.