सीए आहे, मोठ्या फर्ममध्ये ७ वर्षं झाली. मुंबईतल्या एका उद्योगपती घराण्याच्या फॅमिली ऑफिसमधून, म्हणजे घराण्याचा पैसा-मालमत्ता सांभाळणाऱ्या खासगी ऑफिसमधून, ३० टक्के जास्त पगाराची ऑफर आहे. जावं का? पुढे करिअरला वाव असतो का?

पगाराचं आधी. ३० टक्क्यांवर भुलू नका, ४० मागा. हिशेब येणारे पुष्कळ मिळतात, तोंड बंद ठेवणारे मिळत नाहीत, हे त्यांना माहीत असतं. वाव म्हणाल तर वर चढायला शिडीच नसते. वरची खुर्ची घरातल्याच कोणाची तरी असते.

मी २०१० ते २०२१ अशा एका ऑफिसात काढली. फोर्टातली जुनी इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट, आम्ही सात जण. चौदा पॅन, दोन एचयूएफ (करासाठी वेगळी धरलेली हिंदू अविभक्त कुटुंबं), तीन ट्रस्ट. १५ मार्चला सगळ्यांचा ॲडव्हान्स टॅक्स भरायचा आणि त्याच दिवशी महाबळेश्वरच्या बंगल्याचा पंप जळाला म्हणून माळ्याचा फोनही मलाच. १९८५ मध्ये रद्द झालेली इस्टेट ड्युटी (माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणारा कर) परत येतेय अशी आवई दर बजेटच्या तोंडावर उठायची, की ट्रस्ट डीडचा मसुदा कपाटातून बाहेर.

माझे साडू एका खासगी बँकेत वेल्थ मॅनेजमेंटला आहेत. २०१८ च्या फेब्रुवारीत पार्ल्याला एका मुंजीत त्यांनी माझी ओळख करून दिली, "हे आमचे साडू, शेठजींचे मुनीम." अख्खी पंगत हसली. मीही हसलो.

पुढच्याच महिन्यातली गोष्ट. छोट्या शेठना लंडनला फ्लॅट घ्यायचा होता. एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, हे तुम्हाला सांगायला नको. मग नेहमीचा उपाय: घरातली पाच माणसं सहमालक दाखवायची, ३१ मार्चच्या आत एकदा पाठवायचे आणि एप्रिल उजाडला की पुन्हा एकदा. झाले पंचवीस लाख डॉलर. पण त्या वर्षी २९ ला महावीर जयंती, ३० ला गुड फ्रायडे आणि पुढे शनिवार-रविवार. म्हणजे पहिला हप्ता बुधवारी, २८ लाच जायला हवा. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता पैसे बाहेर पाठवायचा बँकेचा फॉर्म ए-टू हातात देऊन मला वाळकेश्वरला पिटाळलं. "बांची सही घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे."

बा म्हणजे छोट्या शेठच्या आजी, वय ८२. त्यांच्या सह्या मी आठ वर्षं घेत होतो. पेन्सिलीने फुली मारलेल्या जागेवर मी बोट ठेवायचं, त्यांनी गुजरातीत सही करायची, मग माझ्यासमोर खाखऱ्यांची ताटली यायची. त्या दिवशी मी बोट ठेवलं नाही. पंगतीतलं ते हसू डोक्यात होतं की काय, कोण जाणे. मोडक्यातोडक्या गुजरातीत त्यांना सगळा फॉर्म समजावून सांगितला. तुमच्या खात्यातले साधारण एक कोटी साठ लाख जातील, घरात तुमचा हिस्सा राहील, उद्या तुम्ही नसलात की त्या हिश्शासाठी तिथल्या कोर्टाचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर मंजुरी, लागेल. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "मने कोईए कह्युं नथी," मला कोणी सांगितलंच नाही, एवढंच म्हणाल्या. पेनाला टोपण लावलं आणि पेन माझ्या हातात परत दिलं. खाखरे मात्र आले.

बुधवारी चौघांचेच पैसे गेले. छोटे शेठ ओरडले नाहीत. "तुम्हाला सही आणायला पाठवलं होतं," म्हणाले आणि फोन ठेवला. फ्लॅट पुढे झालाच, या लोकांचं कुठे काही अडतं? एप्रिलपासून माझा पगार ग्रुपच्या चौथ्याच एका कंपनीतून यायला लागला. योगायोग असेल. त्याआधीही दोनदा तसं झालं होतं. टेबल तेच, चहावाला तोच, पत्र एकदाही नाही.

२०२१ च्या जूनमध्ये सोडताना ग्रॅच्युइटी मागितली. उत्तर आलं, या कंपनीत तुमची पाच वर्षं भरत नाहीत, शिवाय इथे माणसं तीनच, कायदा दहा माणसांपासून लागतो. शेवटचा बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, हे गणित मी त्यांच्या ड्रायव्हरसाठीसुद्धा मांडून दिलं होतं. नोकरी सलगच होती, असं म्हणून भांडता आलं असतं. माझ्याकडे कागद नव्हता आणि खरं सांगायचं तर बांच्या घरावर नोटीस पाठवायची इच्छाही नव्हती. दोन महिन्यांचा पगार 'आमच्याकडून' म्हणून मिळाला.

साडू म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं." नव्हतं म्हटलं. ते फक्त मुनीम म्हणाले होते. त्यांचा बोनस गिऱ्हाइकाच्या गळ्यात काय मारलं यावर ठरतो. किमान एक कोटी लागणारे एआयएफ, म्हणजे श्रीमंतांसाठीचे खासगी गुंतवणूक फंड, घेऊन त्यांच्याच बँकेची माणसं आमच्या दारात तीनदा आली आणि तिन्ही वेळा मी शेठना नको म्हणून सांगितलं, कारण ते घेतले काय न घेतले काय, माझ्या पगारात एक रुपयाचा फरक पडणार नव्हता. पेढीवर मुनीम ठेवायचे ते ह्यासाठीच. तेव्हा तुम्हाला कोणी मुनीम म्हटलं तर मान खाली घालू नका.

हां, सगळीकडे असंच असतं असं नाही. अझीम प्रेमजींचं प्रेमजी इन्व्हेस्ट किंवा नारायण मूर्तींचं कॅटामरान ही बंगळुरूची ऑफिसं तर थेट गुंतवणूक कंपन्यांसारखी चालतात. मुंबईतही नव्या पिढीने बाहेरची तयार माणसं आणून बसवलेली ऑफिसं आहेत. तसं असेल तर माझं निम्मं बोलणं सोडून द्या. आणि तिथे जे शिकायला मिळतं, म्हणजे ट्रस्ट, फेमा (परकीय चलनाचा कायदा), मृत्युपत्रं, भावाभावांच्या वाटण्या, ते फर्ममध्ये वीस वर्षांतही एकाच टेबलावर येत नाही.

ऑफर लेटर कोणाच्या लेटरहेडवर आहे, ते कळवा. नुसतंच 'ग्रुप' लिहिलं असेल तर कंपनीचं पूर्ण नाव मागा, आणि पेरोल बदलला तरी नोकरी पहिल्या दिवसापासून सलग धरली जाईल, ही ओळ त्यात घालून घेतल्याशिवाय सही करू नका.