एकच आराखडा, सहा सुऱ्या

प्रश्न : ताई, आम्ही फोंड्यातले सहा मित्र. सगळ्यांनाच सुऱ्या बनवायचा नाद. यंदा ठरवलं की सगळ्यांनी एकाच आराखड्यावरून स्वयंपाकघरातली सुरी करायची. एकाने चित्र काढलं: पातं १८० मिलिमीटर लांब, टाचेपाशी, म्हणजे मुठीकडच्या टोकाला, ४५ मिलिमीटर उंच. त्यावरून प्लायवूडचा साचा कापला आणि तो सहाही घरी फिरला. पाच जणांनी १०८४ पोलादाची ३ मिलिमीटरची पट्टी घेतली, एकाने भंगारातला गाडीचा पाटा (लीफ स्प्रिंग) वापरला. आता सहाही सुऱ्या बाहेरून सारख्या दिसतात, पण एक कांद्यातून अलगद जाते, दुसरी लाल भोपळ्यात अडकते, तिसरीच्या धारेचे इसवण (सुरमई) माशाच्या कण्यावर टवके उडाले आणि चौथीची धार वळली. साचा एक असून असं का? यातली बरोबर कुठली?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तुमच्या चित्राची प्रत मी पुढ्यात ठेवली आहे. चित्र सुरेख आहे, पण त्यात जाडीचा एकही आकडा नाही. साचा सुरीची लांबी आणि उंची सांगतो. कापते ती जाडी. ती तुम्ही सहा जणांनी आपापल्या अंदाजाने ठरवलीत, म्हणून सहा वेगळ्या सुऱ्या झाल्या.

भोपळ्यात अडकणारी सुरी घ्या. धारेच्या कडेपासून एक मिलिमीटर वर व्हर्निअर लावा. माझ्या अंदाजाने जाडी ०.७ च्या आसपास भरेल. कांद्यातून जाणारी ०.३ च्या आत असेल. आता पाठीची जाडी बघा. कांद्याचे पदर पात्याला वाट देतात, त्यामुळे तिथे जाडी लपून जाते. भोपळा वाट देत नाही. तो दोन्ही बाजूंनी पातं आवळून धरतो, आणि ३ मिलिमीटरची पाठ आत शिरली की कापला न जाता कडकन फुटतो. ही सुरी वाया गेलेली नाही. ती फक्त पूर्ण घासून झालेली नाही. पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतार काढा, पाठ अणीकडे निमुळती करत न्या, धारेमागे ०.३ पर्यंत या आणि मग दोन्ही बाजूंनी साधारण १५ अंशांची धार लावा. वजनातही फरक कळेल: १८० मिलिमीटर लांब, सरासरी ४० मिलिमीटर उंच आणि ३ मिलिमीटर जाड पातं घासण्याआधी १७० ग्रॅमच्या आसपास असतं, पूर्ण उतार काढल्यावर जवळजवळ निम्म्यावर येतं.

मात्र हे पातळ करणं पाणी पाजल्यानंतरचं, म्हणजे पातं तापवून तेलात बुडवून कडक केल्यानंतरचं काम आहे. भट्टीत घालताना धारेवर निदान अर्धा मिलिमीटर जाडी ठेवायलाच हवी, नाहीतर पातं तेलात वाकतं किंवा तडकतं. नंतर घासताना हातमोजे काढून ठेवा आणि घासायच्या यंत्राच्या बेल्टवर एकदा फिरवलं की पाण्यात बुडवा. बोटाला चटका बसायला लागला की थांबायचं. धारेवर निळी झाक आली तर तेवढा भाग ३०० अंशांच्या आसपास पोचून मऊ पडला असं धरा.

चौथ्या मित्राच्या वळलेल्या धारेचं कारणही इथेच असू शकतं. कानस घेऊन टाचेपाशी एकदा आणि अणीपाशी एकदा ओढून बघा. टाचेवर कानस घसरते पण अणीवर चावते? मग अणी घासताना जळली आहे, कारण पातळ भाग आधी तापतो. सगळीकडेच चावत असेल तर पातं मुळात कडक झालेलंच नाही. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना मी हेच सांगत असे: आधी कानसेला विचारा.

१०८४ हे शिकणाऱ्याला सांभाळून घेणारं पोलाद आहे. कार्बन ०.८ टक्क्यांच्या थोडा वर, बाकी गुंतागुंत नाही. ७७० अंशांच्या आसपास त्याला लोहचुंबक चिकटेनासं होतं. तिथून थोडं वर, ८०० ते ८१५ पर्यंत, न्यायचं आणि लगेच तेलात बुडवायचं. तेल ५० अंशांपर्यंत कोमट केलेलं, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात. स्वयंपाकाचं तेल चालतं. गाडीचं जुनं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर वाईट. भट्टी सावलीत ठेवा, आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात लाल रंग खरा कळत नाही. पातं हाताला कोमट लागेपर्यंत गार झालं की २०० अंशांवर दोन तास तापवून ठेवायचं, गार करून पुन्हा दोन तास. घरचा ओव्हन वापरणार असाल तर आत वेगळं थर्मामीटर ठेवा, बटणावरच्या आकड्यावर भिस्त नको.

टवके उडालेल्या सुरीबद्दल दोन शक्यता आहेत. त्याच पट्टीचा एक उरलेला तुकडा तिच्याएवढाच तापवून तेलात बुडवा. मग व्हाइसमध्ये धरून, वर जाड कापड टाकून, डोळ्यांना चष्मा लावून मोडा. मोडलेला भाग मऊ राखाडी दिसला तर पोलाद ठीक. रव्यासारखे दाणे चमकले तर ते फार तापवलं गेलं. तेव्हा पातं चुंबक सोडेपर्यंत तापवून हवेत गार करायचं, असं तीनदा, आणि मग पुन्हा पाणी पाजायचं. दुसरी शक्यता मला जास्त खरी वाटते: सुरीचा दोषच नाही. इसवणाचा कणा ०.३ च्या धारेने तोडायचा नसतो. म्हापशाच्या बाजारात मासे कापणाऱ्या बायका बघा. कण्याला कोयता, बाकीच्याला हलकं पातं. त्यांच्या हातातली ही वाटणी मला कुठल्याही आराखड्यापेक्षा मोलाची वाटते.

पाट्याची सुरी तुलनेतून बाजूला ठेवा. ती वाईट म्हणून नव्हे. पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण ०.५५ टक्के, त्यामुळे ते चिवट असतं. कोयत्याला उत्तम, पण बारीक धार कमी टिकते. शिवाय भंगारातल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. पोलाद वेगळं तर घासणी कुणाची चांगली, हे कळणार कसं?

एकाच साच्यावर सहा जणांनी काम करण्यात मोठी ताकद आहे, ती वाया घालवू नका. पुढच्या वेळी चित्राच्या कडेला आकडे लिहा: पाठ टाचेपाशी किती, मधे किती, अणीपाशी किती, धारेमागे किती. पाणी सहाही पात्यांना एकाच दिवशी, एकाच भट्टीत, एकाच माणसाच्या हातून पाजा. मग फक्त एक गोष्ट वेगळी ठेवा, उदाहरणार्थ धारेमागची जाडी. आणि सुऱ्या घराघरांतून फिरवा. रोज जो भाजी चिरतो त्याच्याकडून मत घ्या, ज्याने बनवली त्याच्याकडून नको. तोवर विचाराल तर कांद्यातून जाणारी सुरी बरोबर, कारण तुम्ही स्वयंपाकघरातली सुरी करायला बसला होतात.

प्रश्न : मित्राच्या साच्यावरून केलेल्या सुरीवर मी माझा शिक्का मारला तर ती चोरी होते का? आणि तोच आराखडा मोठा करून शोभेसाठी १२ इंची पातं केलं तर?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : शिक्का काम करणाऱ्याचा. घाम तुमचा, तर शिक्का तुमचा. पण आराखडा कुणाचा हे सोबतच्या चिठ्ठीवर लिहा, आणि विकणार असाल तर आधी त्याला विचारा. अमेरिकेचे बॉब लव्हलेस यांची किंचित उतरत्या पाठीची शिकारी सुरी जगभरच्या कारागिरांनी केली आणि आजही करतात. चांगले कारागीर ती ‘लव्हलेस धाटणीची’ असं सांगूनच देतात. कायद्यापुरतं: २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवलेल्या आकृतीला १० वर्षं, वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षं संरक्षण असतं.

१२ इंची पात्याला मात्र माझा नकार. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं, घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी नसेल, तर शस्त्र कायद्याच्या नियमांत शस्त्रांच्या यादीत येतं. शोभेची सुरी यातल्या कुठल्या कामाची म्हणणार?

प्रश्न : आजोबांच्या घरात सांबराची शिंगं आहेत. त्यांच्या मुठी करू का? नाहीतर गोव्याचं कुठलं लाकूड घ्यावं?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : शिंगांना हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांबराला संरक्षण आहे. रानात गळून पडलेलं शिंग सापडलं तरी ते तुमचं होत नाही. घरातल्या शिंगांचे कागद आहेत का ते वन खात्यात जाऊन विचारा.

लाकूड तुमच्या दारात आहे. माट्टी आपल्या राज्याचा वृक्ष, त्याचा गाभा जड आणि गडद. पण वाळताना चिरतो, म्हणून फळ्या कापून टोकांना मेण लावा आणि सावकाश वाळवा. फणस कामाला सोपा, पिवळा रंग पुढे तपकिरी होत जातो. पहिली मूठ फणसाचीच करा. झाड तोडायची गरज नाही, सुताराकडे तुकडे मिळतात. फळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला तोला, वजन उतरायचं थांबलं की ती वाळली. हे काम मार्च-एप्रिलमध्ये उरका. जूनमध्ये लाकूड हवेतलं पाणी पितं आणि मूठ पात्यावरून उचलली जाते. रिवेटची भोकं पाणी पाजायच्या आधी पाडा, नंतर ड्रिल चालत नाही. एपॉक्सी लावण्यापूर्वी पोलाद खरखरीत करून अ‍ॅसिटोनने पुसा. फट राहिली की मासे धुतल्याचं पाणी आत जातं आणि मुठीखाली गंज धरतो. वरून जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या.

आणि पहिलं तोर (कैरी) चिरल्यावर पातं करडं-निळं झालं तर घाबरून घासू नका. तो थर पुढे नारिंगी गंजाला थोपवतो. धुऊन लगेच कोरडं करा, रात्री खोबरेल तेलाचं बोट फिरवा.