वाचकांचे प्रश्न : कार्डाची बाकी आणि आईची ठेव

प्रश्न : मुलगा ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. त्याच्या क्रेडिट कार्डावर ८०,००० रुपये बाकी आहे. ‘दर महिन्याला मिनिमम ड्यू भरतोय, सिबिल बिघडत नाही,’ असं तो म्हणतो. माझी दीड लाखाची मुदत ठेव आहे, पण ती मोडायला मन धजत नाही. काय करू?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सिबिलचं, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणाऱ्या स्कोअरचं, त्याचं म्हणणं अर्धंच खरं. किमान रक्कम (मिनिमम ड्यू) वेळेवर भरली की हप्ता चुकल्याची नोंद होत नाही. पण कार्डाच्या मर्यादेचा मोठा हिस्सा महिनोन्‌महिने वापरलेला दिसला, तर स्कोअर घसरू शकतो. खरं नुकसान व्याजाचं. दर महिना ३.५ टक्के धरा : ८०,००० वर २,८०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४. किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे ४,०००. त्यातून मुद्दल फिटलं ६९६ रुपये! शिवाय बाकी राहिली की बिनव्याजी मुदत जाते; काल कार्डावर भरलेल्या किराण्यालाही त्याच दिवसापासून व्याज. बाकी शून्य होईपर्यंत कार्ड कपाटात राहू द्या.

ठेव मोडू नका, तिच्यावर ८०,००० चं कर्ज काढून कार्ड फेडा. बऱ्याच बँका ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत देतात, दर ठेवीच्या व्याजापेक्षा साधारण १ ते २ टक्के जास्त. ठेव ७ टक्क्यांची असेल तर कर्ज ९ टक्क्यांनी, म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याज ६०० रुपये. ठेवीचं व्याज सुरूच. मात्र कर्ज तुमच्या नावावर असेल, तेव्हा भीड नको : पगाराच्या दुसऱ्याच दिवशी मुलाच्या खात्यातून हप्ता वळता होऊ द्या.

कार्ड फेडताना बिलातला आकडा न धरता त्या दिवशीची एकूण बाकी विचारा. तरीही पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज येतं. घोटाळा नाही तो, भरून टाका. ऑटो-पे ‘मिनिमम’वर असेल तर ‘टोटल ड्यू’वर करायला लावा. हे बहुतेकजण विसरतात.

प्रश्न : ३०,००० चा फोन सहा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर खरंच बिनखर्चाचा पडतो का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : नाही. बँक व्याज लावतेच. तेवढी सूट किमतीत दिलेली असते. १५ टक्के दराने ते व्याज सुमारे १,२७० रुपये. त्यावरचा जीएसटी, जवळपास २३० रुपये, तुमच्याच माथी. प्रोसेसिंग फी असली तर ती वेगळी. आधी दुकानात रोखीचा भाव विचारा. तो हजार-दीड हजाराने उतरला, तर ईएमआय महागच.